नोंदवहीतली हाक

अंधेरीच्या गावठाणातल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं नाव मी विचारलंच नाही, याची आता लाज वाटते, कारण मी गेले होते एक नावच शोधायला. माझ्या आजोबांना जन्म देताच त्यांची आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मग घरात पहिलीचं नाव कोणी काढेना. आजोबा म्हातारे होऊन गेले, पण आईचं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ते गृहस्थ पानाला बोट लावत नसत. लाकडी पट्टी खाली सरकवत प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचे आणि जरा थांबायचे. खिडकीतलं ऊन वहीवर आलं होतं, वरून विमान घरघरत उतरत होतं, आणि ती सगळी माणसं एकेक करून खोलीत येऊन बसताहेत असं मला वाटायला लागलं.

"मनात वाचा ना, लवकर होईल," मी म्हणाले.

"किती वर्षांत कोणी हाक मारली नाय यांना, बाय," ते म्हणाले. "आणि हाक मारली की थांबायला नको?"

दुपार कलली तेव्हा आजोबांचं नाव सापडलं. पट्टी पुढे सरकली. बापाचं नाव आलं, मग आईचं. त्यांनी चष्मा काढला आणि दारात उभं राहून अंगणातल्या माणसाला बोलवावं तशी हाक मारली, "इजाबेल!"

आणि थांबले.

खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं, "ओ."