शेवटच्या स्टुलावरचा नमुना

बरणीच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, हात मागे घ्यायचा आणि आतून कोणी दार उघडेल अशा बेताने थांबायचं, ही आमच्या जीवशास्त्राच्या सरांची सवय. आत असायची पाणदिवड, वटवाघूळ नाहीतर विंचू. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं राहून सगळे पांढरेफटक पडलेले.

"पयले ठोकाचं, मंग पाहाचं," सर पोरांना सांगायचे. "तुमी त्याले ओयखाच्या आधी तो तुमाले ओयखते."

पोरं हसायची. मला हसू येत नसे, कारण मी मराठी शिकवते आणि पालीलाही घाबरते. पण परतवाड्याच्या आमच्या शाळेला जोडून अकरावी-बारावी आहे, माणसं कमी आहेत, आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत घंटा वाजवण्याचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. ज्यांनी ही परीक्षा दिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांब टेबलावर एकेक नमुना मांडलेला असतो. मुलाने त्याच्यापुढे उभं राहायचं, तो ओळखायचा, त्याची दोन लक्षणं लिहायची आणि घंटा झाली की पुढच्या नमुन्याकडे सरकायचं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीसाठी सर जानेवारीपासून पोरांच्या मागे लागत.

तयारीसाठी विकतचा नमुना त्यांना चालत नसे. "चार्ट पाहून डोये बिघडते. घरात हाय, वावरात हाय, तेच आना," म्हणायचे. मग काडेपेटीतून बोंडअळी यायची, रुमालातून जास्वंद यायची, कोणी बैलाची गोचीड कागदात बांधून आणायचा. एका मुलीची आई तणतणत शाळेत आली होती. "सर, पोरीनं चांगला पोळीचा डबा बुरशी लावाले ठेवला!" सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मंग? आली का चांगली?" दुसऱ्या दिवशी डबा पोरीच्या हाती मुकाट्याने आला, हिरव्या बुरशीसकट.

कांद्याचा पापुद्रा काढताना ब्लेड लागून सरांच्या डाव्या अंगठ्याला कायम चिकटपट्टी असायची. ही चिकटपट्टी लक्षात ठेवा.

सरावाच्या दिवशी सगळे नमुने मांडून झाले की सर टेबलाच्या अगदी शेवटी एक लाकडी स्टूल ठेवायचे आणि त्यावर स्वतः बसायचे. शेवटचा नमुना म्हणजे ते. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. पोराने त्यांच्यापुढे उभं राहून त्यांनाही ओळखायचं आणि दोन लक्षणं लिहायची. घंटा झाली की सर उठायचे आणि उत्तरं मोठ्याने वाचायचे. "आमचे सर. लक्षण एक, अंगठ्याला चिकटपट्टी. लक्षण दोन, कंठ हलतो म्हणजे सजीव." "लक्षण दोन, रागावत नाही." रागावत नाही म्हणणाऱ्याचे ते मार्क कापायचे. पहिलं लक्षण सगळ्यांचं एकच, दुसरं ज्याचं त्याचं.

ऐकायला गंमत वाटते, पण तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही थोडं थंड वाटलं असतं. सर पापणी हलवत नसत. एकदा त्यांच्या गालावर माशी बसली, ओठांपर्यंत चालत गेली आणि तिथेच थांबली. पुढे उभी असलेली मुलगी आधी खुदखुदली, मग गप्प झाली, मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी वेळ व्हायच्या आत घंटा वाजवून टाकली. सर उठले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी लय घाबरता."

पुढे हा खेळ प्रयोगशाळेच्या बाहेर आला. सर कोणीही भेटलं की नमस्काराऐवजी विचारू लागले, "ओयख सांगा. दोन लक्षणं." आम्हाला मजा वाटे. मी सांगायची, "मराठीची मॅडम. लक्षण एक, बिनसाखरेचा चहा. लक्षण दोन, पाल दिसली की बाकावर चढते." सर मान डोलवायचे. शिपाई, मुख्याध्यापक, दूधवाला, सगळेच आपापली लक्षणं सांगायला शिकले. सरांना उतारवयात गंमत सुचते आहे असं सगळी शाळा म्हणायची.

मी त्यांच्या शेजारच्याच घरात भाड्याने राहत होते. एका संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन घरी येत होते, तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बाजाराची पिशवी घेऊन स्वतःच्याच फाटकाबाहेर उभ्या. आत सर उभे होते, फाटकाची कडी धरून.

"ओयख सांगा. दोन लक्षणं."

काकू हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुमची बायको. डाव्या हातावर भाजल्याचा डाग. अन् हातात तुमच्या आईच्या पाटल्या."

सरांनी त्यांचा हात फाटकावरून ओढून घेतला, डागावरून चिकटपट्टीचा अंगठा फिरवला, पाटल्या सरकवून पाहिल्या. मग कडी काढली. म्हणाले, "या."

काकूंनी मला पाहिलं होतं. जरा वेळाने त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "दिवाळीपासून हे असं हाय," त्या म्हणाल्या. "अमरावतीच्या डॉक्टरले दाखवलं. वाढतच जाईन म्हणते. कोणाले सांगू नका, मॅडम. यायले ह्या पोराइची परीक्षा पार पाडाची हाय, बस. त्याच्या आत शाळेनं घरी बसवलं तर हा माणूस जाग्यावर मरून जाईन."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सर स्वतःच माझ्याशी बोलले. आधी माझी ओळख विचारून घेतली, मग म्हणाले, "बाटल्याइचं नाव डोक्यातून जात नाही, मॅडम. माणसाइचं जाते. कावून, ते समजत नाही. परीक्षेच्या दिवशी तुमी माझ्या आजूबाजूले राहा. पोरगं समोर आलं का त्याचं नाव मोठ्यानं घ्या. एवढी परीक्षा नीट होऊ द्या. मंग मी कोणालेच नाही ओयखलं तरी चालते."

मी हो म्हटलं. खरं तर मला रडू येत होतं, पण आजूबाजूला पाणदिवडी आणि विंचू असताना मोकळेपणाने रडताही येत नाही.

एवढं कळल्यावर प्रयोगशाळा मला वेगळीच दिसायला लागली. दुपारी सर तिथे एकटे असत. बरण्या फडक्याने पुसायच्या आणि प्रत्येक प्राण्याचं तोंड दाराकडे येईल अशी बरणी वळवायची, हे काम ते पुन्हा पुन्हा करत. आत पाऊल टाकलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटे. एकदा मी गेले तेव्हा सर काचेच्या कपाटापुढे उभे होते. दोनदा टकटक केली आणि वाट पाहत थांबले. कपाटाच्या त्या खणात बरणी नव्हतीच. नुसती काच होती आणि काचेत सर होते.

"मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "ह्याले आत कोनं ठेवलं?"

मी त्यांच्याच पद्धतीने म्हटलं, "आमचे सर आहेत ते. लक्षण एक, अंगठ्याला चिकटपट्टी." सरांनी आपला अंगठा वर केला. काचेतल्यानेही केला. सर बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "जिवंत दिसते," म्हणाले आणि बरण्या पुसायला वळले.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून येणारे परीक्षक अकोल्याचे होते. सरांनी टेबल असं मांडलं होतं की बोट ठेवायला जागा नव्हती. स्टूल अर्थातच भिंतीकडे सारलेलं. परीक्षेत तो खेळ नसे. मी घंटा घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, आजचा दिवस जाऊ दे.

परीक्षक आत आले, सरळ सरांकडे गेले आणि वाकून नमस्कार करून म्हणाले, "सर, ओयखलं का मले?"

हे परीक्षक म्हणजे सरांचेच जुने विद्यार्थी, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मलाच ते अनोळखी, मी त्यांचं नाव काय घेणार? सर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या नजरेत काही नव्हतं. मग ते हसले.

"ओयख तुमी सांगा. दोन लक्षणं."

परीक्षक केवढे खूश झाले! "सर, अजून तेच! लक्षण एक, बेडूक पाहून मी खिडकीतून उडी मारली होती. लक्षण दोन, तुमी मले धरून परत आनलं होतं!" सर म्हणाले, "बरोबर. पूर्ण मार्क." सगळे हसले. मीही हसले आणि पदराने डोळे पुसले. लोकांना वाटलं फॉर्मॅलिनने चुरचुरले असतील.

पुढचं सगळं सुरळीत झालं. पोरगं आत आलं की मी नाव घ्यायची, सर त्याला त्याच्या नावाने पुढे पाठवायचे. शेवटची तुकडी संपली, पोरं बाहेर ओरडायला लागली. परीक्षक कागद बांधत होते. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला आणि सरांना सांगायला वळले की, झालं सर, पार पडलं.

सरांनी भिंतीजवळचं स्टूल टेबलाच्या टोकाशी ओढलं होतं आणि ते त्यावर बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर.

मी घंटा वाजवली. ते उठले नाहीत. पुन्हा वाजवली. परीक्षकांना वाटलं, जुना खेळ चालला आहे. ते हसत पुढे झाले, सरांसमोर टेबलावर पेराने दोनदा टकटक केली आणि हात मागे घेऊन थांबले, अगदी सरांनी शिकवलं होतं तसे.

सरांची नजर हलली नाही. ओठ तेवढे हलले.

"कोण हाय बाहीर?"

आवाज त्यांचाच होता, पण आतून कुठूनतरी, काचेपलीकडून आल्यासारखा. परीक्षकांचं हसू तोंडावरच राहिलं. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेव्हा तो मोठा माणूस खिडकीकडे तोंड करून रडला. मी काकूंना फोन केला. त्या आल्या, सरांपुढे उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. सरांनी डागावरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या मागून घरी गेले.

त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. परीक्षा झाली होती, त्यांच्या मनासारखी झाली होती. उन्हाळा संपायच्या आतच ते गेले.

यंदा नवे सर आले आहेत. तरुण आहेत, मोबाइलवर नमुन्यांची चित्रं दाखवतात. तरी सरावासाठी टेबल मांडलं आणि घंटा पुन्हा माझ्या हातात आली. टेबलाच्या शेवटी स्टूल होतं. नव्या सरांना त्या खेळाचं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, जुन्या सवयीने शिपायाने ठेवलं असेल. मी कोणाला विचारलं नाही.

पोरं स्टूल ओलांडून पुढे जात होती. शेवटची मुलगी यंदाच वरच्या डोंगरातल्या सेमाडोह गावाहून आलेली, बारावीलाच आमच्याकडे दाखल झालेली, फारशी कोणाशी न बोलणारी. तिने सरांना कधी पाहिलं नव्हतं. ती स्टुलापुढे थांबली. टेबलावर दोनदा टकटक केली, हात मागे घेतला आणि उभी राहिली. मग लिहायला लागली. लिहिता लिहिता अडली आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, यायच्या अंगठ्याले पट्टी हाय, ते लिवलं. दुसरं लक्षण सापडून नाही राहिलं."

मी स्टुलाकडे पाहिलं. मला काही दिसलं नाही, हे तुम्हाला शपथेवर सांगते. ऊन होतं आणि लाकूड होतं.

"लिही," मी म्हटलं. "घंटा झाली तरी उठत नाहीत."

तिने लिहिलं आणि माझ्याकडे बघत थांबली, कारण घंटा व्हायची होती. माझा हात उचलेना. वाजवली आणि या वेळी ते उठले तर, अशी भीती होती. आणि उठावेत असंही फार वाटत होतं.

मी घंटा वाजवली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाजवली.