क्लचची ढील

उसनी आणलेली वस्तू परत करताना तुम्ही तिला काही करून देता का, आणि दिलंत तर मालकाला सांगता का?

आमच्या डोळखांबकडच्या पाड्यावर रीत होती: दुसऱ्याचा कोयता नेला तर धार लावूनच परत द्यायचा. नुसता आणून टाकणाऱ्याला माणसं नावं ठेवत. ही रीत मला अजूनही कुठल्याही कायद्याहून मोठी वाटते. पण नव्वदीच्या अखेरीस बाबांनी पाड्यावरची पहिली मोटरसायकल आणली आणि रीत कोयत्यावरून गाडीवर गेली.

गाडी जुनी, कुणीतरी वापरून विकलेली. बाबांनी ती संघटनेची पत्रकं वाटायला घेतली होती. रेशनची, वनजमिनीची, रोजगार हमीची पत्रकं. मी वाचायला शिकले तीच त्यांच्यावर. 'ढिलाई' हा त्यांतला सर्वांत वाईट शब्द. गाडी मात्र पत्रकांपेक्षा माणसांनाच जास्त लागली. ज्याचं अडे तो नेई, बाबा कुणाला नाही म्हणत नसत.

त्या साली भाताची झोडणी उरकली होती. वहिनीचे दिवस भरत आले होते, दादा भिवंडीला कामावर. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूला बाळंतपणासाठी झोळीत घालून सडकेपर्यंत नेलं होतं. काकू परत आली नाही. म्हणून आमच्या घरात ठरलं होतं, वहिनीला गाडीवरून शहापूरच्या दवाखान्यात न्यायचं. आणि नेमकी तेव्हाच गाडी चढावर दगा देऊ लागली. रेस वाढवली की इंजिन ओरडे, गाडी पुढे सरकत नसे.

"क्लचप्लेट गेल्या वाटतं," बाबा म्हणाले. नव्या मिळणार मुरबाडला, आणि जायचं कशावर?

वहिनी दाराशी पाय पसरून बसली होती. "वन्स, तुमची गाडी रडते जास्त, चालते कमी. मी तरी अजून रडले नाय."

बाबांनी अंगणात गाडी चालू केली, चौथा गिअर टाकला, पुढचा ब्रेक घट्ट धरला आणि क्लच हळूहळू सोडला. प्लेटा नीट पकडत असतील तर अशा वेळी इंजिन धक्का खाऊन बंद पडतं. आमचं चालूच राहिलं.

मी क्लचच्या लिव्हरला हात लावला. ती तारेसारखी ताठ होती. "बाबा, ही एवढी कशी आवळलेली?"

काकूचे यजमान, आमचे शेजारचे काका, कुंपणाशी उभे होते. "मीच आवळली गो. हलत व्हती जराशी. कुणाची गाडी ढिली कशी परत द्यायची?"

"तुमी एकटे नाय," बाबा म्हणाले. "नेतो तो आवळूनच देतो."

पाड्याने धार लावावी तशी गाडी आवळली होती. वायर इतकी ताणलेली, की कुणी लिव्हर सतत अर्धी दाबून धरल्यासारखं झालं होतं. प्लेटा एकमेकींना धरत नव्हत्या, नुसत्या घासत होत्या.

मी पाना घेऊन वायरचा नट सोडत गेले. लिव्हरचं टोक अर्ध्या पेराइतकं मोकळं हलू लागलं तेव्हा थांबले. बाबांनी पुन्हा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि बंद पडली.

"बंद पडली म्हणून हसणारं घर पहिल्यांदाच बघते," वहिनी म्हणाली.

काका हसले नाहीत. "मी चांगलं कराया गेलो, नि..." त्यांनी ती मोकळी लिव्हर दोनदा हलवून बघितली.

कळा सुरू झाल्या तेव्हा उन्हं कलली होती. बाबा पुढे, वहिनी मधे, आई मागे. मी आणि काका चढाखाली उभे राहून कान देत होतो. आवाज चढत जाऊन तिथेच राहिला तर गाडी अडली, असं समजायचं. आवाज एकसारखा राहिला. बारीक झाला. मग ऐकूच येईना. काका तिथेच मातीत बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं.

वहिनी लेकीला घेऊन घरी आली. ती भाची पुढे शाळेतही जाऊ लागली.

म्हणून एक करा. तुमच्या गावात अडल्यानडल्याला जी गाडी धावते, तिच्या क्लचच्या लिव्हरला आजच हात लावा. ढील नसेल तर मालकाला बोलवा आणि त्याच्यासमोर वायर थोडी सैल करा. आणि उसनी नेलेली गाडी परत देताना, तिला काय केलंत ते तोंडाने सांगा.