दोनशे छप्पन्न रंगांतली झोळी

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगीच आदर वाटायचा नाही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये रंग कमी केले की फोटोतले रंग कायमचे उडतात, पहिल्या धुण्यात साडीचा रंग जातो तसे... अशी माझी ठाम समजूत होती. आणि बाई कोण? सिंदेवाहीत जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेली! भूत, चकवा, अंगात येणं, सगळ्यांची टिंगल करणारी. आजही करते. पण ही एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, म्हणून लिहितेय.

२००७ साल. आमचे हे पूर्व विदर्भातल्या, म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या, नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रस्ता, जंगल... पडदा टांगला की हे मैदानाच्या पार टोकाला जाऊन बसायचे आणि तिथून ओरडायचे, “गनपत, पिवळा मार!” शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसलं पाहिजे, हा ह्यांचा हट्ट. त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला हे अचानक गेले. जंगलाचा एक पडदा अर्धवट राहिला होता, तो ह्यांचे जोडीदार गणपतभाऊ यांनी पुरा केला; ते ह्यांनाही ‘भाऊ’च म्हणायचे.

आमची एकुलती एक मंजू पुण्यात. दिवाळीनंतर तिला चौथा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली. याआधी दोन वेळा गर्भ टिकला नव्हता. त्यामुळे ‘बाळ’ हा शब्द आम्ही मायलेकी फोनवर काढायचोच नाही. “तब्येत?” “बरी.” “जेवलीस?” “हो.” संपलं बोलणं. तिला दिवस गेल्याचं ह्यांना कळलंच नाही. कळणार कसं, हे गेले तेव्हा मंजूलाच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी तिचा मोबाइलवर फोन आला. “आई, बाबांचा शेवटचा पडदा बघायचाय गं मला.”

“आता सांगतेस? संध्याकाळी नाटकवाल्यांचा ट्रॅक्टर येतो न्यायले!”

मग काय, शेजारच्यांचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. मागच्या अंगणात टांगलेल्या पडद्याचा फोटो काढला, तो कॉम्प्युटरवर घेतला. मेलने काही जाईना. पण मंजूने मागेच आमच्या त्या जुन्या डब्यात एक सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. ती पुण्यात पडल्यापडल्या लॅपटॉपवर आमचा स्क्रीन बघायची आणि तिकडून इकडचा माऊस हलवायची. फक्त आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरचं... चित्र वरून खाली मुंगीच्या चालीने सरकायचं. आभाळ आलं, झाडाचे शेंडे आले आणि सगळं ठप्प.

“आई, तुझ्या स्क्रीनचे रंग कमी करते. बत्तीस बिटच्या जागी दोनशे छप्पन्न रंग. मग पटकन येईल.”

“कर,” म्हणाले. तिने केले. मी हळूच माऊस धरला आणि परत बत्तीसवर नेऊन ठेवला.

“आई! तू परत वाढवलेस?”

“मी? मी काऊन वाढवीन?”

“मला बाण दिसून राह्यला इकडे!”

तर अशी आमची झोंबाझोंबी. बाण एक आणि हात दोघींचे. ती पुण्याहून खाली ओढतेय, मी सिंदेवाहीतून वर ढकलतेय. शेवटी मी चिडले. “तुह्या बाबानं जीव ओतून भरले ते रंग. मी माह्या हातानं पुसू का?”

ती रडत म्हणाली, “पुसत नाही गं काही... मला फक्त दिसू दे. मला उठून येता येत नाई ना.”

मी माऊसवरचा हात काढला.

रंग कमी झाले आणि स्क्रीनची पार गोधडी झाली. मला बघवेना, मी भिंतीकडे तोंड केलं. चित्र मात्र भराभर गेलं असावं.

“आई... बाबांनी झोळी काढली?”

“कुठी?”

“मोहाच्या झाडाला. डावीकडच्या फांदीला. धान कापणाऱ्या बाया लेकरू निजवायला बांधतात ना, तशी. आत काहीतरी आहे बघ.”

मी वळले. होती! दोन दोऱ्या, पांढरट कापडाचा झोल आणि त्यात एवढीशी फुगीर सावली. माऊस धरून रंग बत्तीसवर नेले, नुसती हिरवी पानं. पुन्हा कमी केले, झोळी. फोन टेबलावर ठेवून अंगणात पळाले. चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं, हात फिरवला. सपाट हिरवा रंग, दुसरं काही नाही.

परत येऊन फोन उचलला. म्हणाले, “हो गं, हाय. बाबानंच काढली.”

मग ती म्हणाली, “आई, बाळाला दाखवायला हा पडदा राहील ना?”

पहिल्यांदाच म्हणाली ‘बाळाला’.

वैशाखात नात झाली. आता ती कॉम्प्युटरचंच शिकतेय आणि मला अक्कल शिकवते. “आजी, तिथे दोन वेगवेगळे हिरवे असतील. एरवी डोळ्याला फरक कळत नाही. रंग कमी केले की एक हिरवा इकडच्या खान्यात पडतो, दुसरा तिकडच्या, आणि मध्ये रेघ उठते.” पटलं मला. विज्ञानाचीच बाई मी! पण मग त्या दोऱ्या? कापडाचा झोल? आतली सावली? यावर ती म्हणते, “योगायोग,” आणि चहा मागते.

आणि एक गोष्ट नातीला अजून सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी ट्रॅक्टरबरोबर गणपतभाऊ आले होते. पडदा गुंडाळताना मी मोहाच्या फांदीवर बोट ठेवून विचारलं, “भाऊ, इथी ह्यांनी काई काढलं होतं का?” दोरी आवळत ते म्हणाले,

“नाई बाई, काईच नाई काढलं. तिथला हिरवा तं मीच मारला, भाऊ गेल्यावर. तेवढी जागा उघडी दिसे म्हून. भाऊनं मले ते कोरी ठेवाले सांगतली होती. मी इचारलं, काऊन? तं म्हने, राहू दे गनपत, तिथी निजनारं अजून यायचं हाय.”