पखुर्डीच्या चित्राची मागची बाजू

या सदरातले अनुभव मी वाचते आणि, खरं सांगायचं तर, वाचून बाजूला ठेवते. आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली माणसं. भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींना माहेरी थारा नव्हता आणि सासरीही नव्हता. माझं मत आजही बदललेलं नाही. फक्त एका कागदाचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. हे सिग्नल खात्यात, मी एका शाळेत ग्रंथपाल. यांना नाद एकच — पक्ष्यांची जुनी छापील चित्रं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांमधून सुटी झालेली, दगडावरून छापून मग हाताने रंगवलेली. पहिली तीन रेल्वे कॉलनीतल्या एका बंगल्याच्या रद्दीत सापडली. बाकीची पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांना पत्रं लिहून लिहून जमवली. चित्रातला पक्षी कधी प्रत्यक्ष दिसला, की हे त्या चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने एक-दोन ओळी लिहायचे. कुठे दिसला, केव्हा, सोबत कोण होतं.

यांच्या थोरल्या बहिणीला, निमोण्याच्या आक्कांना, याचं फार हसू यायचं. "पाखराच्या फोटूला पैका हाय," त्या म्हणायच्या, "आन् भनीकडं यायचं म्हटलं की यष्टीचं तिकीट म्हाग."

काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत हे गेले. यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमनने एक पार्सल आणलं. आजारी पडण्याआधी मागवलेलं चित्र होतं — पखुर्ड्यांची जोडी. माळरानावर राहणारा, कबुतराएवढा मातकट पक्षी. पुठ्ठा मी उघडला, चित्र मी बाहेर काढलं. पाठ कोरी होती, तेही मीच पाहिलं. पेटीत आधीची चोवीस होती, सगळ्यांच्या पाठी लिहिलेल्या; त्यांच्याखाली हे पंचविसावं ठेवून दिलं.

क्वार्टर सोडायची होती. शिरूरला भावाच्या घरी एक खोली मिळणार होती, पण तिच्या भिंतींना ओल. चित्रं तिथे टिकली नसती. म्हणून पुण्यातल्या दीक्षितांना पत्र टाकलं. जुन्या चित्रांची पारख करून किंमत सांगणं हा त्यांचा व्यवसाय. उत्तर आलं : कडा कापलेल्या नसाव्यात, मागची बाजू स्वच्छ असल्यास भाव चांगला येतो.

आता माझी चूक सांगते. दर मे महिन्यात शाळेत परत आलेल्या पुस्तकांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडणं हे माझं ठरलेलं काम. वीस वर्षांची सवय. "स्वच्छ" हा शब्द वाचला आणि मी खोडरबर घेऊन बसले. एका दुपारी चोवीस पाठी खोडल्या. न वाचता. वाचलं असतं तर हात चाललाच नसता. एकच ओळ नजरेत शिरली — "इनामगाव, घोड नदीच्या काठी. हिची चप्पल गाळात."

रबराचा भुगा सुपलीत भरताना कळलं, मी काय केलं ते. यांना डायरीची सवय नव्हती. पत्रं सगळी दुसऱ्यांना गेलेली. माझ्यासाठी यांचं अक्षर तेवढंच उरलं होतं.

पुढच्या रविवारी दीक्षित आले. साठीचे, मितभाषी. खिडकीशी टेबल ओढून घेतलं आणि एकेक चित्र भिंगाखाली धरून वहीत टिपत राहिले. "चहात साखर कमी," एवढंच बोलले. मी स्वयंपाकघरातच होते; त्या पेटीकडे बघवत नव्हतं. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं अक्षर सुरेख होतं हो." मला वाटलं, पेटीवर यांनी लिहिलेलं नाव वाचलं असेल.

दहा दिवसांनी त्यांची यादी टपालाने आली. प्रत्येक चित्राचं नाव, कागदाची स्थिती, किंमत. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी "पाठीवर पेन्सिलीत" असं लिहून यांच्या ओळी. चोवीसच्या चोवीस. चप्पल गाळात, तीसुद्धा.

मी एसटीडी बूथवरून फोन लावला.

"बाई, जे होतं ते उतरवलं," दीक्षित म्हणाले.

"पण मी ते खोडलं होतं. तुम्ही यायच्या आधी."

"मग नीट खोडलं गेलं नसेल."

घरी येऊन चित्रं खिडकीशी नेली आणि तिरप्या उन्हात धरली. खरंच, पेन्सिल दाबल्याचे बारीक चरे दिसत होते. पारखणाऱ्याच्या नजरेला ते वाचताही येत असतील. मला इतकं हलकं वाटलं... मी यादी पुन्हा घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

"२५. पखुर्डी, जोडी. रंग मूळचे, कडा शाबूत. पाठीवर पेन्सिलीत : निमोणे, पाझर तलाव. सकाळी. तीस-चाळीस असतील. ही एकटीच. हसली."

दीक्षित येण्याच्या आधीच्या महिन्यात मी दोन दिवस आक्कांकडे निमोण्याला होते. सकाळी एकटीच तलावाकडे गेले. पखुर्ड्यांचा थवा पाणी प्यायला उतरला. त्यातला एक नर पाण्यात शिरून, पोट बुडवून, विहिरीत उतरलेल्या एखाद्या जाड्या माणसासारखा फतकल मारून बसला. मला मोठ्याने हसू आलं. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. लगेच पदर तोंडाला लावला, इतकी लाज वाटली. आसपास दुसरं माणूस नव्हतं.

"कुठं गेल्तीस गं एवढा येळ?" आक्कांनी विचारलं.

"फिरून आले," म्हटलं. त्यापलीकडे कुणाजवळ काही बोलले नाही.

पंचविसावं चित्र तिरप्या उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. एकही चरा नाही. बोट फिरवलं तर सायीसारखं गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, पंचविसाव्याची पाठ कोरी असल्याचं सांगितलं. दीक्षित म्हणाले, "ते चांगलं आठवतंय मला. बाकीच्यांवरची पेन्सिल फिकी होती, हे मात्र ठळक होतं. मला वाटलं, अलीकडेच लिहिलं असेल." आणि पुढे म्हणाले, "बाई, परत बघायला बोलावू नका."

चित्रं मी विकली नाहीत. शिरूरच्या खोलीत ओलीपासून दूर, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. यादीवरून चोवीस ओळी मी माझ्या हाताने, त्याच चऱ्यांवरून पेन्सिल फिरवून पुन्हा लिहिल्या. सहा महिने लागले. हे कसं घडलं याचं कारण विचाराल तर आजही माझ्याजवळ नाही, आणि एखादं बनवून सांगायची इच्छाही नाही. पंचविसाव्यावर मात्र मी काही लिहिलेलं नाही. जिथे आधीच लिहिलेलं आहे, तिथे आपण वर कसं लिहायचं?