औषध न देता उठवलेला पेशंट

बाहेर कुणाशी ज्याबद्दल मी कधी बोललो नाही ते आता लिहून टाकतो. माझ्या बायकोचा दवाखाना मी बंद पाडायला निघालो होतो, आणि तेही तिला न विचारता.

माझं काम मोजण्याचं, आकडेवारी खात्यातलं. पेशंट ॲडमिट होत नाही, तपासून घरी जातो, असे नाशिक जिल्ह्यातले सगळे दवाखाने मिळून वर्षाला किती उत्पादन करतात याचा अंदाज आम्हाला काढायचा होता. उत्पादन म्हणजे सोप्या भाषेत जमा झालेली फी, त्यातून बाहेरून आणलेल्या मालाचा खर्च वजा. देवळ्यापासून पेठपर्यंत निवडक दवाखान्यांत आमची माणसं फिरली. सलाईनच्या बाटल्या लटकलेला दवाखाना तक्त्यात वर जायचा आणि जिथे नुसतं बोलणंच फार, तो तळाला. बायकोचा नाशिक शहरात पेठ रोडवरचा दवाखाना त्या निवडीत नव्हता, पण त्याची कमाई मला ठाऊक होती. असता तर तळालाच गेला असता.

तिला एका मोठ्या हॉस्पिटलातून ओपीडी सांभाळायला बोलावणं आलं होतं. पगार चांगला. ती काही हो म्हणेना. गाळ्याचा करार माझ्या नावावर होता, म्हणून मी परस्पर मालकांकडे जाऊन आलो आणि पुढचा करार करायचा नाही असं सांगितलं. महिनाअखेर गाळा रिकामा करा असा त्यांचा निरोप तिला आला, तेव्हा तिला वाटलं जागा त्यांनाच हवी असेल. मी तसंच वाटू दिलं. ती मुकाट्याने कपाटं आवरायला लागली.

काउंटरवरच्या बाईंनी दुसरीकडे नोकरी धरली, म्हणून एका शनिवारी केसपेपर काढायला मी बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मखमलाबादकडून गुलाबाची शेती करणारे एक काका आले. चक्कर येत होती. एक सलाईन लावून द्या, म्हणजे झालं, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. तिने आधी त्यांना पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावली. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. एक इथली, दुसरी सटाण्याला मुलीकडे राहायला गेले तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी दिलेली. नावं वेगळी, औषध एकच, आणि काका दोन्ही घेत होते. तिने त्यांचं प्रेशर झोपवून बघितलं, उभं करून बघितलं; उभं राहिलं की ते एकदम खाली येत होतं. घरी गोळ्या कोण काढून देतं ते विचारलं. सून देते म्हटल्यावर सुनेला फोन लावला, कुठली पट्टी बंद करायची ते सांगितलं आणि तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. कुणी कुरकुरलं नाही. आपली पाळी आली की आपल्यालाही एवढाच वेळ मिळणार, हे त्यांना माहीत असावं.

काका उठले ते नाराजच. "येवढं काम टाकून आलो, नि सुई पण नाय? घरी इचारतील ना, बाईंनी केलं काय?"

"सांगा, एक गोळी काढून घेतली," ती म्हणाली. "आणि बुधवारी परत या. नाही आलात तर सुनेला फोन करीन, मग तुमचं काही खरं नाही."

ते हसत गेले. फीचं मी खुणेनेच विचारलं. औषध दिलं नाही, मग पैसे कशाचे, असं म्हणून तिने पुढच्या पेशंटला बोलावलं. आमच्याकडे हे असंच आहे. फी सुईची नाहीतर गोळ्यांची. नुसत्या तपासण्याचे पैसे घेणाऱ्यालाही चुकल्यासारखं वाटतं. हे मला माहीत होतं. तरी माझ्या रीतीने मोजलं तर त्या सगळ्या वेळात तिच्या हातून काहीच घडलं नव्हतं. उलट एका गोळीचा खप कायमचा थांबला, म्हणजे जिल्ह्याचं उत्पादन थोडं घटलंच. आणि एक माणूस शेतातल्या विहिरीवर भोवळ येऊन पडायचा वाचला, याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

मी दुपारपर्यंत तिच्याकडे बघत होतो. घरी अबोल असणारी ही बाई इथे किती बोलते, आणि त्याहून जास्त किती ऐकते. मला तिचा हेवा वाटला, अभिमान वाटला, आणि लाजही.

डबा उघडल्यावर मी सांगून टाकलं. मालकांनी काढलं नाही, मीच नको म्हणून आलो होतो.

तिने घास खाली ठेवला. म्हणाली, "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत तुम्ही."

संध्याकाळी मालकांकडे गेलो, हात जोडले. त्यांनी मोबाईलच्या दुकानवाल्याला शब्द दिला होता, तो काही मोडता येईना. मग तिनेच रस्त्यापासून आत, पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली शोधली. पहिल्याच आठवड्यात गुलाबवाले काका विचारत विचारत तिथे पोचले, सुनेला घेऊन.

नवा करार तिच्या एकटीच्या नावावर झाला. साक्षीदार म्हणून सही करायला मी पेन घेऊन गेलो, तर तिने आधीच गिरणीवाल्या भाऊंना बोलावून ठेवलं होतं. ते सही करत असताना मी बाजूला उभा राहिलो.