नवसाची पायरी

आमचा दादा नवस बोलला होता: आश्लेषा पहिल्या वर्षात पास झाली, तर देवीच्या देवळाची झिजलेली पायरी काढून तिथं काळाभोर ग्रॅनाइट बसवीन.

आश्लेषा ही दादाची मुलगी, माझी पुतणी. बोर्ली पंचतनला सुपारीच्या वाडीत वाढलेली ही पोर इमारती शिकायला थेट इटलीत, फ्लॉरेन्सला गेली. निम्मं गाव तिला दिघीच्या जेट्टीपर्यंत पोचवायला आलं होतं. आमच्याकडे माणूस पनवेलला निघाला तरी हीच तऱ्हा.

तिथं गेली आणि पोपटासारखी बोलणारी पोर गप्पच झाली.

"काका, इथलं सगळं इतकं मोठं आहे, की माझा हातच चालत नाही."

समोर शेकडो वर्षांचा तो प्रचंड घुमट. ही पेन्सिल घेऊन बसायची आणि कोरा कागद घेऊन खोलीवर परतायची. मी चेष्टा केली, "नारळाचं झाड बघून कधी घाबरली नाहीस ती!" पण खरं सांगतो, तिनं फोनवरून तो घुमट दाखवला तेव्हा माझेच हात जोडले गेले. तिच्या आईनं, कुमुदवहिनींनी तर अंगणात उभ्या उभ्या चपला काढल्या.

तिथल्या सरांनी तिला बजावलं होतं, जूनपर्यंत एका जुन्या वास्तूची चित्रं करून दाखवली नाहीस तर वर्ष वाया. हे कळलं त्याच संध्याकाळी दादा देवळात जाऊन नवस बोलून आला.

मग आशूनं आपल्या वळणावरचा वेडेपणा केला. एका लहानशा चर्चमध्ये शिरताना बूट बाहेर काढून ठेवले. देवाच्या दारात पायताण घालून कोण जातं? थंडीचे दिवस, फरशी बर्फासारखी. लोक टकामका बघायला लागले. एक म्हातारी कुणाचे तरी बूट विसरले म्हणून ते हातात घेऊन आत आली. आशू शरमेनं मागे सरली, आणि तिचा अनवाणी पाय एका खळग्यात बसला.

तिनं वाकून हात फिरवला. दगड वाटीसारखा झिजला होता. पुढे आणखी एक, मग आणखी. दारापासून वेदीपर्यंत खळग्यांची वाटच गेली होती. किती पिढ्या तिथं येऊन उभ्या राहिल्या असतील!

"मला रडूच आलं, काका. आपल्या देवीच्या पायरीवर माझा पाय असाच बसायचा."

त्या दिवसापासून तिचा हात सुटला. बाकीच्या मुलांनी घुमट काढले, खांब काढले. हिनं मान वर न करता नुसती जमीन काढली, खळगा न् खळगा. सर त्या कागदांपुढे बराच वेळ उभे राहिले म्हणे. पोरगी पास झाली.

इकडे आम्ही पेढे वाटले. ग्रॅनाइटही टेम्पोतून देवळापुढे येऊन पडला. तेवढ्यात आशूचा फोन.

"बाबा, पायरी काढू नका. मी तिच्यामुळेच पास झाले."

दादा उखडला. "आणि नवस? देवीशी खोटं बोलू?"

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच पंचाईत. शेवटी अंबाजी गुरव वैतागला.

"तुमी कशाला भांडताव? पायरी देवीची हाय, तुमची न्हाय. तिलाच इचारा की."

कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. डावी आधी पडली तर ग्रॅनाइट बसवायचा, उजवी पडली तर पायरी राहील. दादाच्या हातातल्या फोनवर आशू डोळे मिटून बसली होती.

उजवी पडली.

दादा बाहेर आला आणि जन्मभर ओलांडलेल्या त्या पायरीवर पहिल्यांदाच थांबला. खळग्यात हळूच पाय ठेवला. पाय बरोबर बसला.

"आपल्या आईचापण इथंच पडत असणार रे," तो मला म्हणाला.

मग तो खाली बसला. लहानपणी आशूचं डोकं टेकवायचा, तसा त्यानं फोन पायरीवर टेकवला.

"आशू, पाया पड," म्हणाला.