मान हलली की पान उलट

माझी मुलगी वनिता पियानो वाजवते आणि मी एकदा तिच्याबरोबर स्टेजवर वाजवला आहे. (हे वाचून कोणी हार घेऊन येऊ नये. पुढचं आधी वाचावं.)

वनिता नाशिकला वसतिगृहात राहून शिकली. तिथल्या शाळेत कोपऱ्यात एक जुना पियानो होता, तो हिला चिकटला. मग मुंबई, मग परदेश. आता मोठमोठ्या शहरांत तिचे कार्यक्रम होतात. शिकत होती तेव्हा सुट्टीत मोखाड्याला आली की घरी पियानो कुठला? ती वडिलांच्या पाठीवर बोटांचा सराव करायची. आमचे हे पालथे पडून म्हणायचे, "वने, जरा डावीकडं जोरात वाजव, तिथंच दुखतंय!"

एकट्या माझ्या मोठ्या दिरांना हे काही पटत नव्हतं. भाऊजी म्हणजे निवृत्त मास्तर. "पेटीच ना ती? फक्त पाय फुटलेली!" असं म्हणायचे. "डी.एड. केलं असतं तर इथंच शाळेत लागली असती." वनिताला हे फार लागायचं. परदेशात लोक उभं राहून टाळ्या वाजवतात आणि सख्खा काका बसूनसुद्धा ऐकत नाही! म्हणून गेल्या हिवाळ्यात तिनं मुद्दाम जव्हारला कार्यक्रम ठरवला. पियानो टेम्पोत बसून घाट चढून आला. आमचे लोक जीपमध्ये कोंबून आले. भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, हाताची घडी घालून.

आता शेवटचा तुकडा नवा होता, वनिताला तो पाठ नव्हता. त्याच्या सुरांची लिहिलेली पानं तिच्या टॅबमध्ये होती. टॅब मी जपून माझ्या पिशवीत ठेवला होता, भाकऱ्यांखाली, ताकाच्या बाटलीशेजारी.

बाटली गळकी निघाली.

टॅब ताक प्यायला आणि गप्प झाला. धावपळ करून तिच्या मोबाइलवरून झेरॉक्सच्या दुकानात ती पानं कागदावर काढून आणली. "पण पानं उलटायला कोणीतरी शेजारी बसावं लागेल," वनिता म्हणाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (ताक माझं होतं ना!)

मी इतकी लाजाळू, की जीपवाल्याला 'थांबवा' म्हणायचं होत नाही म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत येते. आणि मी स्टेजवर?

"अगं बाय, मी चौथी शिकलेली! मला त्या मुंग्या वाचता येतात का?"

"वाचायच्या नाहीत आये. मी मान हलवली की पान उलटायचं. बस्स."

"भाकरी उलटतेस ना?" हे म्हणाले. "तसंच!"

मी पदर घट्ट खोचून बसले. वनितानं सुरुवात केली, मान हलवली. मी पान उलटलं. वा! तिनं पुन्हा मान हलवली. मी उलटलं. पुन्हा हलवली, पुन्हा उलटलं. आणि तेव्हा मला कळलं, की वाजवायला लागली की या मुलीची मान थांबतच नाही! वारं सुटल्यावर भात डोलावा तशी डोलते! पण सांगितलं ते करायचं. मी सपासप उलटत राहिले. तिनं डोळे मोठे करून जोरजोरात 'नको, नको' अशी मान हलवली.

मानच हलवली ना? मी आणखी दोन उलटली.

पानं संपली. मान चालूच. मग मी उलट्या बाजूनं परत सुरू केलं. (भाकरीलाही दोन बाजू असतातच.) वनिता ओठ न हलवता पुटपुटली, "आये, हात खाली! हात खाली ठेव!"

ठेवले. दोन्ही. थेट पियानोवर.

धडाम्!

मला वाटलं, आता भूमी फाटावी आणि मला पियानोसकट आत घ्यावं. वनिताचे गाल हसू दाबून फुगले होते. तिनं कागद बाजूला सारले आणि माझा तोच धडाम् हळूच स्वतः वाजवला. पुन्हा वाजवला. त्यातून तिनं आमच्याकडच्या नाचाचा ठेका काढला. खुर्च्यांखाली पाय हलायला लागले! मागून कोणीतरी शिट्टी मारली! भाऊजींची हाताची घडी सुटली आणि शेवटी तर ते टाळ्या वाजवत उभेच राहिले!

स्टेजजवळ येऊन ते म्हणाले, "वने, बाकीचं ठीक होतं. पण तो मधला दणका! त्यात जीव होता. कुठं शिकलीस?"

"काका, तो आयेनं वाजवला."

भाऊजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कितवी शिकलीस गं तू?"

"चौथी."

"अरेरे," ते हळहळले, "तू तरी डी.एड. करायचंस!"

वनिता परत गेली. फोनवर सांगते, तिकडं पानं उलटणारा माणूस एकदाही चुकत नाही, अगदी कंटाळा येतो. पण माझा हात काही सुधारला नाही. परवा मी नागलीच्या भाकऱ्या करत होते आणि हे चुलीसमोर बसून डुलक्या घेत होते. जेवताना कुरकुरले, "आज भाकरी दोन्हीकडून कच्ची कशी?"

"मग मान कशाला हलवत होतात?"